शपथा पुरे, नियम बदला

मैदानावर पोरगं जायबंदी झालं की शाळेच्या बैठकीत दोनच सूर निघतात. एक म्हणतो, खेळच बंद करा. दुसरा म्हणतो, मुलांना खिलाडूवृत्ती शिकवा. पीटीचा मास्तर म्हणून हयात गेली माझी, आणि मला दोन्ही सूर कामचुकार वाटतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) हे दोन्ही सूर निघून गेले आहेत.

6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन ही कॉलेजं भिडली, तेव्हा एकेका बाजूला 25 गडी होते आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई होती. पुढे चेंडू हातात घेऊन पळायची रग्बीची पद्धत शिरली. 1882 मध्ये येलच्या वॉल्टर कँपच्या पुढाकाराने नियम झाला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरका, नाहीतर चेंडू सोडा. आता पाच यार्डांसाठी डोकं कोण चालवणार? घोळका करायचा आणि घुसायचं. 1892 मध्ये हार्वर्डने कळसच केला. दोन रांगा लांबून धावत येऊन पाचरीसारख्या जुळायच्या, त्यांच्या आड चेंडूवाला, आणि सगळा लोंढा समोरच्या फळीत एकाच जागी आदळायचा.

मग पहिला सूर निघाला, बंदीचा. 1897 मध्ये जॉर्जियाचा खेळाडू व्हॉन गॅमन सामन्यातल्या दुखापतीने गेला. तिथल्या विधिमंडळाने खेळावर बंदी मंजूर केली. पण त्याच्या आईनेच खेळ बंद करू नका म्हणून विनवलं आणि गव्हर्नरने बंदी फेटाळली. खेळ वाचला, घुसाघुशी तशीच राहिली.

दुसरा सूर खिलाडूवृत्तीचा. ऑक्टोबर 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. नियम प्रामाणिकपणे पाळू, असा शब्द घेतला. तरी हंगाम संपला तेव्हा वर्तमानपत्रांच्या हिशेबात शाळा-कॉलेजांतली 18-19 पोरं दगावली होती.

मग कुठे 1906 मध्ये नियमांना हात लागला. पाचाऐवजी दहा यार्ड आणि चेंडू पुढे फेकायची मुभा. दहा यार्ड नुसत्या रेटारेटीने मिळेनात. गडी पांगले, खेळ मोकळा झाला. 1909 मध्ये पुन्हा पोरं गेली, तेव्हा 1910 मध्ये पुन्हा नियम बदलले आणि एकमेकांना धरून कडं करण्यावर बंदी आली.

खिलाडूवृत्ती मीही शिकवली. पण धसमुसळेपणाने सामना जिंकता येतो, तोवर पोरं धसमुसळीच खेळणार. त्यांना दोष देण्याआधी नियम लिहिणाऱ्यांना जाब विचारा.