चंद्राचा सातबारा कोणाच्या नावे?

चंद्रावर एकरभर जमीन घेतल्याचा कागद काचेत बसवून भिंतीवर लावणारे हौशी लोक अधूनमधून भेटतात. व्यापारी बंधूंना आमचे सांगणे आहे की, त्यात पैसे घालू नका. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर किंवा कोणत्याही ग्रहावर कोणत्याच राष्ट्राला मालकी सांगता येत नाही, ना वापराने, ना कब्जाने. जेथे सरकारचीच मालकी नाही, तेथे खरेदीखत कोण नोंदवणार?

जमीन कोणाची नाही हे ठीक. पण तिच्यातून काढलेला माल कोणाचा? खरा झगडा येथे आहे. १९७९ च्या चंद्र कराराने ही संपत्ती सर्व मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली आणि ती काढणे शक्य होऊ लागले की रास्त वाटपाची व्यवस्था उभारावी, असे लिहिले. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, मंजुरी मात्र दिली नाही. अमेरिका, रशिया, चीन सहीलाही आले नाहीत. सौदी अरबस्तान आत होता, तोही जानेवारी २०२४ मध्ये बाहेर पडला.

ज्यांच्या हाती साधने आहेत त्यांनी मग घरच्या घरी कायदे केले: अमेरिकेने २०१५ साली, लक्झेंबर्गने २०१७ साली, जपानने २०२१ साली. त्यांचे म्हणणे असे की, समुद्र कोणाचा नसला तरी जाळ्यात आलेली मासळी कोळ्याचीच. आर्टेमिस कराराचा सूरही तोच आहे, आणि जून २०२३ मध्ये भारताने त्यावर सही केली.

हा दाखला आम्हाला पटत नाही. मासळीची पैदास होते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील अंधाऱ्या खड्ड्यांतले बर्फ एकदा उपसले की संपले. त्या बर्फापासून पाणी, प्राणवायू आणि रॉकेटचे इंधन करता येईल, म्हणूनच सर्वांची नजर तिकडे आहे. उंब्रजकरांनी कृष्णेची वाळू आठवावी. उपसणाऱ्याने उपसली, पात्र मात्र सगळ्या काठाचे खोल गेले. आणि येथे निदान लिलाव आहे, रॉयल्टी आहे, तहसीलदार आहे. तेथे कोण आहे? आर्टेमिस करारात 'सुरक्षा क्षेत्र' म्हणून एक कलम आहे. आठवडे बाजारात पहाटे येऊन दोरी बांधणाऱ्यासारखेच ते. जागा माझी असे तो म्हणत नाही, पण दुसरा कोणी तेथे बसतही नाही.

आम्ही कापडवाले हा खेळ जाणतो. १९७४ च्या बहुधागा कराराने श्रीमंत देशांनी आपल्या कापडाला कोटा लावला, आणि तो पुरता उठायला २००४ साल संपावे लागले. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागवाल्यांना कोणी विचारले नव्हते.

आज भारत उशिरा आलेला नाही. २००८ च्या चांद्रयानाने पाण्याच्या पुराव्यात मोठी भर घातली; २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोची इंजिने बनतात, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची कवचे. कारागीर आपले आहेत, तेव्हा हिशेबही आपणच विचारला पाहिजे.

२०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणात खासगी कंपनीने काढलेला माल तिला बाळगता, नेता आणि विकता येईल असे म्हटले आहे. आता १९६७ चा करार पाहा: खासगी कंपनीच्या कामाची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर. १९७२ च्या करारानुसार नुकसानभरपाईही प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राकडूनच. म्हणजे तोटा देशाच्या खात्यावर आणि मुनाफा कंपनीच्या. अशा भागीदारीच्या कागदावर आपल्यापैकी कोणी सही करील काय?

धोरण म्हणजे संसदेचा कायदा नव्हे. कायद्याचा मसुदा येईल तेव्हा त्यात उत्पन्नातला सरकारी हिस्सा, उपशाची मर्यादा आणि कंपनीचा विमा, या तिन्ही गोष्टी आकड्यांत लिहाव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीने या प्रश्नावर २०२१ साली कार्यगट नेमला आणि त्याला २०२७ पर्यंतचा कार्यक्रम आखून दिला. मागे राहिलेल्या देशांच्या वाट्याची बाजू तेथे भारताने मांडावी. चंद्र करारावरची १९८२ ची सही आपण अजून मागे घेतलेली नाही.