मऊ रोबोला आधी स्पर्श हवा

टोमॅटो पिकलाय की नाही, हे मंडईतली बाई नुसता दाबून सांगते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉब शेपर्ड यांच्या गटाने बनवलेल्या मऊ कृत्रिम हातानेही तीन टोमॅटोंमधला सर्वांत पिकलेला ओळखला. त्याच्या बोटांत ताणता येणाऱ्या, प्रकाश वाहून नेणाऱ्या पट्ट्या होत्या. बोट वाकले किंवा दबले की वाटेत प्रकाश गळतो. किती गळला यावरून स्पर्श कळतो.

रोबोंची चर्चा निघाली की ती कृत्रिम बुद्धिमत्तेवर येऊन थांबते. मऊ रोबोंच्या बाबतीत क्रम उलटा हवा: आधी स्पर्श, मग बुद्धी. कारखान्यातल्या पोलादी हाताचे सांधे ठरलेले असतात. त्यांचे कोन मोजले की हात कुठे आहे ते समजते. सिलिकॉनच्या, हवा भरून हलणाऱ्या रोबोला सांधेच नसतात. तो कुठेही वाकतो, कुठेही फुगतो. स्वतःचा आकारच ज्याला कळत नाही, त्याला कितीही हुशार मेंदू दिला तरी तो चाचपडणारच.

ताण मोजून आकारातला बदल ओळखण्याची मूळ कल्पना जुनी आहे. आर. जे. व्हिटनी यांनी १९५३ मध्ये पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायाभोवती गुंडाळून त्यांच्या आकारमानातले बदल मोजले होते. नळी ताणली की आतला पाऱ्याचा धागा लांब आणि बारीक होतो, विजेला होणारा रोध वाढतो. लांबी दुप्पट झाली तर रोध साधारण चौपट! आज विषारी पाऱ्याऐवजी गॅलियम आणि इंडियमचे मिश्रण वापरतात. ते सुमारे १६ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे एरवी द्रवच राहते.

पण रोध वाढला तो ताणल्यामुळे की दाबल्यामुळे? एका आकड्यावरून ते सांगता येत नाही. शेपर्ड यांच्याच गटाने २०२० मध्ये त्यावर सुरेख तोड काढली: प्रकाशवाहक धाग्यात जागोजागी वेगवेगळे रंग. कोणता रंग किती बदलला यावरून जागाही कळते आणि ताण, वाक, दाब यांतला फरकही.

अशा संशोधनाला पैसा मिळायलाच हवा, पण त्याचे मोजमापही कडक हवे. प्रयोगशाळेतल्या पहिल्या ताणाचा आलेख देखणा असतो. हजारो वेळा ताणल्यावर सिलिकॉन थकते, सोडल्यावरही आकडा पूर्ववत येत नाही, आणि मऊ सेन्सर कडक तारेला जोडलेला असतो तिथेच आधी तुटतो. रुग्णाच्या कृत्रिम हातात हे सेन्सर बसवायचे असतील, तर नव्या सेन्सरसोबत हे थकव्याचे आकडेही ठळकपणे छापले गेले पाहिजेत.