एकदा पानिपत पाहून या

दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले, की त्यांची यादी ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, मग मथुरा-आग्रा आणि जमलेच तर हरिद्वार. मुनिरक्याला डी.डी.ए.च्या सदनिकेत राहायला आल्यापासून अशा किती सहली झाल्या, त्याची मोजदाद नाही. पण या जानेवारीत सासरे आले आणि पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "सूनबाई, मला यावेळी ताजमहाल नको. मला पानिपत दाखवा."

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. पानिपत हे काय हौसेने पाहायला जायचे गाव आहे? एखादे काम पार बिघडले, की आपण 'पानिपत झाले' म्हणतो. दोनशे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते नाव आपल्या बोलण्यातून गेले नाही. पण वर्षानुवर्षे दिल्लीत राहून, दोन तासांच्या अंतरावरचे ते गाव आम्ही पाहिले नव्हते, हेही खरे. कुरुक्षेत्राला जाताना त्याच्या अंगावरून गेलो होतो, तेवढेच.

माझा मुलगा दहावीत आहे. तो म्हणाला, "मी नाही येणार. हरलेल्या लढाईचं काय बघायचं?" मग हळूच खरे कारण बाहेर आले. इतिहासाच्या तासानंतर वर्गातली मुले त्याला चिडवत असत, "तुम्हारे मराठे तो हार गए थे." याला उत्तर सुचेना, म्हणून त्याने तो विषयच टाकून दिला होता.

नाना रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून घराण्याच्या कुलवृत्तान्ताचे एक पान काढून त्याच्यापुढे ठेवले. सात पिढ्यांपूर्वीच्या एका नावापुढे एवढेच छापले होते : पानिपतावर गेले, परत आले नाहीत. ना तिथी, ना गाव. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला नाना त्यांच्या नावाने पाणी सोडतात. "मला ती जागा एकदा बघायची आहे," ते म्हणाले. मुलाने पान वाचले आणि रविवारी मुकाट्याने गाडीत येऊन बसला.

बुराडीच्या वळणावर

जानेवारीत या रस्त्यावर पहाटे दाट धुके असते. म्हणून आम्ही घाई केली नाही, ऊन पडल्यावर निघालो. मुनिरक्याहून बाहेरच्या रिंग रोडने मुकरबा चौकापर्यंत यायचे. तिथून डावीकडे वळले की पानिपतचा हमरस्ता, आणि सरळ गेले की बुराडी. बुराडीची पाटी दिसली आणि नानांनी ह्यांना गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. याच बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. जखमी अवस्थेत त्यांनी दिलेले उत्तर शाळेच्या पुस्तकातून आपल्या सर्वांना पाठ असते. पण ती जागा दिल्ली शहरात, आपल्या रोजच्या वाटेजवळ आहे, हे कितीजणांना ठाऊक असते? आज तिथे दाट वस्ती आहे. नानांनी गाडीतूनच हात जोडले.

पानिपत दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. हा जुना बादशाही रस्ता. वायव्येकडून येणाऱ्या फौजेला दिल्ली गाठायची, तर याच सडकेने यावे लागे. पूर्वेला यमुना, मध्ये सपाट मैदान. दिल्ली ज्याच्या ताब्यात, त्याची शेवटची चौकी जणू इथे. म्हणून तर २१ एप्रिल १५२६ रोजी बाबर आणि इब्राहिम लोदी इथेच भिडले, ५ नोव्हेंबर १५५६ रोजी हेमू आणि अकबराचे सैन्य इथेच लढले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दालीही इथेच समोरासमोर आले. १७५८ साली मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत पोचल्या होत्या. तीन वर्षांत ती सरहद्द मागे सरकत पानिपतापर्यंत आली. 'अटकेपार' आणि 'पानिपत' हे आपले दोन शब्द एकमेकांच्या इतक्या जवळचे आहेत!

लोदीची कबर

आम्ही आधी गावात गेलो. इब्राहिम लोदीची कबर तहसील कचेरीच्या जवळ आहे. मुलाची कल्पना होती, की दिल्लीच्या सुलतानाची कबर म्हणजे मोठा घुमट असणार. आमच्या मुनिरक्याजवळ रामकृष्णपुरमच्या बागेत लोदींच्या काळातले 'वझीरपूर का गुंबद' आहेत. घरांच्या गर्दीतल्या त्या घुमटांत कोण निजले आहे, हे कोणी विचारतही नाही. पण खुद्द शेवटच्या लोदी सुलतानाच्या वाट्याला घुमट आलाच नाही. लाखोरी विटांचा एक साधा चौथरा, वर कबर, डोक्यावर आभाळ. आजचे बांधकामही ब्रिटिश अमदानीत, १८६६-६७च्या सुमाराचे, आणि तसा उर्दू लेख तिथे आहे.

बाबराने मात्र विजयानंतर गावाच्या दुसऱ्या बाजूला मशीद बांधली. ती काबुली बाग मशीद. लाल विटांची, मोठ्या कमानीची ही वास्तू आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वेळ असेल तर अवश्य पाहा.

जुन्या गावात सूफी संत बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. चौदाव्या शतकातल्या या संताकडे सर्व धर्मांचे लोक जातात. याच आवारात उर्दूचे थोर कवी मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. हाली पानिपतचेच. गालिबचे शिष्य, आणि गालिबचे चरित्र लिहिणारे. चित्रपटवेड्या वाचकांसाठी सांगते, 'आवारा'चे कथालेखक ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्मही इथलाच, हालींच्याच घराण्यातला. लढायांखेरीज या गावाला दुसरेही आयुष्य आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. १९४७ मध्ये इथल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांनी गाव सोडले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले. सरहद्दीचे दुःख पानिपतला दोनदा भोगावे लागले म्हणायचे.

तलावाकाठी देवीचे मंदिर आहे. ते मराठ्यांच्या वेळचे, असे गावात सांगतात. नानांनी देवीपुढे तिळगूळ ठेवला.

काला अंब

गावाबाहेर सुमारे ८ किलोमीटरवर काला अंब आहे. इथल्या एका आंब्याची पाने काळपट होती, रणात सांडलेल्या रक्ताने ती तशी झाली, अशी लोककथा. झाड केव्हाच वठले. त्याच्या लाकडाचा कोरीव दरवाजा कर्नालच्या संग्रहालयात ठेवला आहे, असे इथले लोक सांगतात. झाडाच्या जागी आज विटांचा स्तंभ, त्याभोवती लोखंडी कुंपण आणि सभोवार राखलेली बाग आहे. भाऊसाहेबांनी इथूनच लढाई चालवली, असा समज आहे.

हिरवळीवर बसून नानांनी नातवाला लढाई सांगितली. जयघोष केला नाही, रडलेही नाहीत. म्हणाले, "ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी उत्तरेकडचं कुंजपुरा घेतलं. इकडे त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि आपल्या फौजेच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली. अडीच महिने दोन्ही फौजा तोंडाला तोंड देऊन बसल्या. आपल्याबरोबर बायकामुलं होती, काशी-प्रयागच्या आशेनं आलेले यात्रेकरू होते. धान्य संपलं, जनावरं मेली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून बघू, म्हणून माणसं बाहेर पडली. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी पठाणांची फळी हलवली होती. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली आणि पारडं फिरलं."

"विश्वासराव केवढे होते?" मुलाने विचारले.

"अठरा वर्षांचे. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. भाऊ तीस."

तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आपण हरलोच ना, आजोबा?"

"हरलोच. आधी ते कबूल करायचं. सोबती जोडता आले नाहीत, पोटाची तजवीज झाली नाही, हेही कबूल करायचं. आणि मग पुढचं सांगायचं. अब्दाली जिंकला, पण दिल्लीत राहू शकला नाही, काही आठवड्यांत परत गेला. आणि दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. त्यांत महादजी शिंदे होते. पानिपतावरच पायाला जखम होऊन जन्माचे लंगडे झालेले."

शेजारच्या बाकावर कर्नालकडचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आमचे बोलणे ऐकून ते उठून आले आणि म्हणाले, "हम भी मराठा हैं जी. रोड मराठा." हरियाणात रोड समाज आहे. पानिपतातून वाचून इथल्याच गावांत राहिलेल्या मराठी सैनिकांचे आपण वंशज, असे त्यांच्यातले अनेकजण मानतात. इतिहासकारांत याबद्दल एकमत नाही. पण दरवर्षी १४ जानेवारीला हे लोक काला अंबला मोठ्या संख्येने जमतात, महाराष्ट्रातूनही माणसे येतात. २०२५ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही आले होते. नाना कागदाशिवाय काही न मानणारे. "पुरावा काय?" हा प्रश्न त्यांच्या ओठावर आलेला मला दिसला. पण त्यांनी डबी उघडली आणि त्या गृहस्थांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

संग्रहालयात

पानिपतच्या तिन्ही लढायांची माहिती देण्यासाठी इथे खास संग्रहालय उभारले आहे. हरियाणाच्या राज्यपालांच्या अध्यक्षतेखालच्या स्मारक समितीने ते उभे केले. जुनी शस्त्रे, नाणी, मृत्पात्रे, शिलालेख, मूर्ती, चित्रांची मोठी छायाचित्रे असे सारे नीट मांडले आहे. मुलांना तिन्ही लढाया एका जागी समजतात, हा मोठा फायदा. एक वही-पेन्सिल बरोबर द्या. माझा मुलगा तासभर तिथे रमला.

मी मात्र शस्त्रांपुढे उभी राहून कुलवृत्तान्ताच्या त्या पानाचा विचार करत होते. परत न आलेल्या त्या पूर्वजाचे नाव छापले आहे. त्याच्या बायकोचे नाव पानावर नाहीच. तिने किती वर्षे वाट पाहिली असेल? कुंकू कधी पुसले असेल? खुद्द भाऊंची पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परतल्या. पती गेले, हे त्यांनी मानलेच नाही. १७८३ साली त्या वारल्या, तोवर बावीस वर्षे त्यांनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला माणसे मिळाली, तीही अशाच आशेपोटी. आणि जे परतले, त्यांना वाटेत कोणी जेवू घातले? भरतपूरच्या सूरजमल जाटाने. रुसून बाजूला झालेल्या त्या राजाने आपल्या लोकांना अन्न, वस्त्र, औषध दिले. ही गोष्टही लढाईइतकीच मुलांना सांगायला हवी.

घरी आल्यावर नानांना मी हे बोलून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन घेऊन त्यांनी त्या ओळीखाली लिहिले : यांच्या पत्नी, नाव माहीत नाही. "यंदा सर्वपित्रीला त्यांच्यासाठीही पाणी सोडीन," ते म्हणाले.

मुलाने शाळेत मित्रांना काय सांगितले, ते मी विचारले नाही. पण परतताना तो गाडीत एक वाक्य बोलला, ते लक्षात राहिले. "आई, पानिपतात जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांच्याच जागा जास्त बघितल्या आपण."

तुम्ही जाणार असाल तर

दिल्लीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. अंबाल्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पानिपत स्थानकावर थांबतात, बसही भरपूर आहेत. काला अंबसाठी गावातून रिक्षा ठरवून घ्या, परतीचे भाडे आधीच बोला. नोव्हेंबर ते मार्च हवा उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याची वेळ टाळा. संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवसाची चौकशी करूनच निघा. पानिपत हातमागाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. चादरी, सतरंज्या आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यांतून विणलेली ब्लँकेटे तिथे स्वस्त मिळतात. लोणचीही नाणावलेली.

आम्ही एक ब्लँकेट आणले. नाना सध्या तेच पांघरतात. "पानिपताहून काहीतरी परत आलं," असे म्हणून हसतात.