जुन्या इंजिनात नवे सुटे भाग बसवण्याची रीत मान्य करा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, जालना
मा. महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, जालना

विषय: जुन्या मोटारींच्या इंजिनात आजचे सुटे भाग जुळवून बसवण्यासाठी स्पष्ट नियम, चाचणी व प्रशिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

जालना जिल्ह्यातील गॅरेजवाले, लेथवाले, बोअरिंगवाले आणि जुन्या गाड्या राखणारे मालक असे आम्ही सर्व हे मागणीपत्र सादर करीत आहोत. प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला, अँबेसेडर 2014 साली थांबली, पेट्रोलवरची जुनी जीप तर त्याच्याही आधी. कंपनीचा मूळ पार्ट आता मिळायचा नाही हे धरूनच आम्ही काम करतो. दुसऱ्या गाडीचा नवा पार्ट मापात आणून बसवावा लागतो. हे काम उघडपणे, मोजून आणि लिहून करता यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या कामाला सरसकट जुगाड म्हणून झटकले जाते, म्हणून एक उदाहरण देतो. महिंद्राच्या सीजे-3बी जीपमधील हरिकेन इंजिनाचा मूळ बोअर तीन इंच एक सूत, म्हणजे 79.375 मिमी. वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, ओव्हरसाइज झाल्यावर तो 79.883 होतो. तोही झिजला आणि पुढचा पिस्टन मिळाला नाही, तर 80 मिमीचा आजचा पिस्टन खुणावतो. बोअर जेमतेम 0.12 मिमी वाढवायचा आणि वर पिस्टनची फट ठेवायची. पण व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असे नाही. गजन पिन जाड की बारीक, त्यानुसार कनेक्टिंग रॉडचे बुश नवे करावे लागते. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी निघाली तर कॉम्प्रेशन बदलते. नवा पिस्टन वजनाने हलका असेल तर चारही पिस्टन काट्यावर तोलून एकसारखे करावे लागतात, नाहीतर इंजिन थरथरते आणि बेअरिंग खाते. हे सगळे करणाऱ्या कारागिराकडे आज ना प्रमाणपत्र आहे, ना केलेल्या कामाची नोंद ठेवायचा नमुना.

पहिली मागणी कायद्याच्या अर्थाची आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते. बोअरिंगने ते बदलत नाही. वरच्या उदाहरणात 2199 सीसीचे इंजिन 2234 सीसीचे होते. फरक दीड टक्क्याच्या आसपास. चाळीस थाऊपर्यंत गेले तरी तो तीन टक्क्यांच्या आत राहतो. म्हणून तोच ब्लॉक, तोच इंजिन क्रमांक आणि तेच इंधन असेल, तर तीन टक्क्यांपर्यंतचा फरक दुरुस्ती मानावा, असे परिपत्रक सर्व आरटीओ कार्यालयांना जावे. सोबत बोअर, फट, बेअरिंगचे माप आणि बसवलेला पार्ट यांची नोंद असलेले, कारागिराच्या सहीचे जॉब कार्ड सक्तीचे करावे. सक्ती आम्हीच मागत आहोत.

पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीची तरतूद झाली, तिचे आम्ही स्वागत करतो. मात्र इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा या अटीचा अर्थ अधिकाऱ्यागणिक वेगळा लावता येतो. लायनर घालणे, व्हॉल्व्ह सीट बदलणे, नव्या मापाचे बेअरिंग टाकणे हा फेरबदल नव्हे, असे स्पष्टीकरण राज्याने केंद्राकडून मागवावे. पेट्रोल जीपमध्ये अख्खे डिझेल इंजिन उतरवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याला सूट मागणे आम्हाला मान्य नाही, आमच्यातील काहींना हे रुचले नाही तरी.

दुसरी मागणी इंधनाची. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते आरोग्यासाठी योग्यच झाले. परंतु अँबेसेडरच्या जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक शिशाच्या थराने वाचत असे. ती आता खोल बसत जाते, टॅपेटची फट मिटते आणि व्हॉल्व्ह जळतो. कठीण धातूची सीट ठोकणे हाच उपाय. आता वीस टक्के इथेनॉल आले. अंबड-घनसावंगीच्या उसालाच त्याचा भाव मिळणार, तेव्हा आमचा त्याला विरोध नाही. पण जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी पेटते. बाजारातील कोणती नळी टिकते हे दुकानदारही खात्रीने सांगत नाही. रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर जालन्यातच आहे. तेथे या नळ्या, पडदे आणि गॅस्केटची चाचणी करून मराठीत यादी जाहीर व्हावी. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक लिहिलेले असावे.

सुट्या भागांच्या खोक्यावर गाडीचे नाव असते, माप नसते. व्यास, उंची आणि धातू छापण्याचे बंधन विक्रेत्यांवर घालावे.

राहिला प्रश्न हत्यारांचा आणि शिकण्याचा. लोखंडाच्या सळईसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरात छोट्या गॅरेजला बोअर गेज, धातूची कठिणता मोजणारे यंत्र किंवा क्रँकमधील केसासारखी चीर दाखवणारी चाचणी परवडत नाही. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेतून औद्योगिक वसाहतीत सामाईक सुविधा केंद्र उभारावे आणि उद्योग केंद्राने प्रस्ताव तयार करावा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जुन्या इंजिनांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करून त्यात शाळेची पायरी न चढलेल्या जुन्या मिस्त्रींना शिकवायला बोलवावे, मानधन द्यावे. इंच-सुताची मापे आणि मिलिमीटर या दोन्हींत सहज वावरणारी ही पिढी थकत चालली आहे.

या मागण्यांवर परिवहन, उद्योग आणि पुरवठा विभागांची एकत्रित बैठक जिल्हाधिकारी कार्यालयात लावावी. जॉब कार्डाचा कच्चा नमुना आणि फुगलेल्या नळ्या, खोल गेलेल्या सीटचे हेड आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपले,
जुनी वाहने राखणारे व दुरुस्त करणारे,
जालना जिल्हा