गरम झाल्यावर अडणारी गाडी

गेल्या जुलै महिन्यात आम्ही आईबाबांना घेऊन मेरीलँडमधील अकोकीक येथे गेलो होतो. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अनावरण झालेला बाबासाहेबांचा पुतळा त्यांना पाहावयाचा होता. अभिवादन करून न्यू जर्सीकडे परतताना आय-९५ महामार्गावर, डेलावेअरमधील विश्रांतिस्थळी पंधरा मिनिटे थांबलो आणि गाडी सुरू होईना. सेल्फ जोमाने फिरत होता, दिवे प्रखर होते. इंजिन मात्र पकडत नव्हते. तापमान ९५ अंश फॅरनहाइट. आईच्या मधुमेहाची गोळी सामानात होती, पण तिच्या जेवणाची वेळ टळून चालली होती. चाळीस मिनिटांनी, कोणीही काहीही न करता, गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेस एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली. दुसऱ्या खेपेस दुसऱ्या गॅरेजने फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला देऊन ९०० डॉलरचा अंदाज हाती ठेवला. दोन्हीकडे गाडी पोहोचेपर्यंत निवलेली असे आणि मेकॅनिकसमोर निमूटपणे सुरू होई. गाडीच्या संगणकात दोषाचा कोडही नव्हता, आणि कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असे आम्हांस सांगण्यात आले.

आमच्या व्यवसायात अशा दोषांशी रोज गाठ पडते. पाहू गेले की नाहीसा होणाऱ्या चुकीला प्रोग्रामर मंडळी हायझेनबर्गच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हणतात. अशी चूक समोर आली तर आम्ही अंदाजाने ओळी बदलत बसत नाही. ती कोणत्या परिस्थितीत उद्भवते हे आधी लिहून काढतो. स्वतःच्या गाडीबाबत मात्र आम्हांस हे सुचले नाही. सुचविले ते बाबांनी. एस.टी.च्या आगारात तीस वर्षे इंजिने उघडण्यात गेलेल्या बाबांनी घरी आल्यावर एकच प्रश्न विचारला, “अरे, सकाळी कधी अडली आहे का ती?”

सकाळी कधीच नाही! दुसऱ्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली. किती वेळ चालवली, किती वेळ थांबली, सुरू झाली की नाही. नऊ दिवसांत २७ नोंदी झाल्या, त्यांत सहा नकार. सहाही वेळा गाडी दीर्घकाळ चालून आलेली आणि दहा ते पंचवीस मिनिटे उभी राहिलेली होती. इंजिन बंद होताच पाण्याचे अभिसरण व वारा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालील उष्णता काही काळ उलट वाढते. तेव्हा दोष अशा भागात शोधावयास हवा होता, जो तापला की मुका होतो आणि निवला की बोलू लागतो.

येथे संशय क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडे वळला. क्रँकशाफ्टसोबत एक दातेरी चक्र फिरते. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर प्रत्येक दात्यागणिक विजेचा एक ठोका पाठवतो, आणि गाळलेल्या जागेवरून पिस्टन कोठे आहेत हे संगणकास कळते. ठोके आले नाहीत तर ठिणगी केव्हा पाडावी, पेट्रोल केव्हा फवारावे, याचा त्याला पत्ता लागत नाही. पुष्कळ गाड्यांत तो या दोन्ही गोष्टी करतच नाही. कोड का नव्हता तेही येथे उमगते. ठोका नाही याचा अर्थ सेन्सर मेला असा होऊ शकतो, तसाच इंजिन फिरतच नाही असाही होतो, आणि आमच्या गाडीच्या संगणकाने दुसरा अर्थ धरला. आलेले शून्य आणि न आलेले उत्तर यांतील हा घोळ आम्ही स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामांतही केलेला आहे.

अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींस ओबीडी-२ जोडणी बंधनकारक आहे. तीत साधा स्कॅनर लावून सातव्या नकाराची वाट पाहिली. तो एका किराणा दुकानाच्या वाहनतळावर आला. किल्ली फिरविताच फ्युएल पंपाची गुणगुण ऐकू आली, म्हणजे किमान पंप फिरत तरी होता. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दोन-तीनशे दिसावयास हवेत. पडद्यावर शून्य होते. बाबांनी बॉनेट उघडून सेन्सरवर थंड पाण्यात भिजविलेले फडके धरले. चार मिनिटांत फेरे दिसू लागले आणि इंजिनाने पकड घेतली.

आमचा सेन्सर तीन तारांचा, म्हणजे हॉल पद्धतीचा निघाला. ज्या बाल्टिमोरवरून आम्ही त्या दिवशी परतलो, तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातच एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ मध्ये तो परिणाम शोधला होता. दोन तारांचा सेन्सर बहुधा चुंबकावरील वेटोळ्याचा असतो. त्याचा रोध मल्टिमीटरने गार व गरम असताना मोजून पाहता येतो. हॉल सेन्सरला ती कसोटी लागू पडत नाही, हे आम्हांस अर्धा तास वाया घालविल्यावर कळले.

नवा सेन्सर ३८ डॉलरचा. एक बोल्ट, एक जोडणी, वीस मिनिटे. खर्चापेक्षा दुसरी गोष्ट आमच्या मनास अधिक लागली. हाच सेन्सर चालत्या गाडीत मुका झाला असता, तर आय-९५ वर मधल्या मार्गिकेत इंजिन बंद पडले असते, आणि मागील आसनावर आईबाबा होते.

नव्याने आलेले आपले विद्यार्थी जुन्या गाड्या घेतात, त्यांना एवढेच सांगावयाचे: पैसे मोजण्यापूर्वी गाडीचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर घालून पाहा. त्या क्रमांकावर रिकॉल प्रलंबित असेल तर अधिकृत विक्रेता ती दुरुस्ती सहसा फुकट करून देतो; मात्र फार जुन्या गाडीला ही सवलत मिळेलच असे नाही. सुटे भाग विकणारी अनेक दुकाने कोडही विनामूल्य वाचून देतात. आणि मेकॅनिककडे जाताना ‘कधीकधी अडते’ एवढेच सांगू नका. वही घेऊन जा.

बाबा सप्टेंबरात परतले. जुना सेन्सर त्यांनी आगारातील मित्रांना दाखविण्यासाठी रुमालात बांधून नेला. आमची वही अजून कप्प्यातच आहे. गेल्या अकरा आठवड्यांत तीत एकही फुली पडलेली नाही.