कोरफड, उंदीर आणि आपले बाळ

कोरफडीचा अर्क दिल्यावर मधुमेही उंदरांच्या रक्तातील ऑक्सिडीकरणाचा ताण घटला, ग्लुटाथायोन वाढले, असे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्यांविषयी मला आदरच आहे. परंतु उंदराचे यकृत 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करते, माणसाचे करीत नाही. या ताणाशी झुंजण्याची दोघांची शिदोरीच निराळी! मग तो निष्कर्ष थेट पाळण्यापर्यंत कसा न्यावा?

येथे भोपाळातही भाजलेल्या कोरफडीचा रस मधात कालवून खोकणाऱ्या तान्ह्याला चाटवणाऱ्या आजी मला दवाखान्यात भेटतात. त्यांची माया खरी. पण पानातील गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा, कडू चीक वेगळा. चिकातील अ‍ॅलोइन तीव्र रेचक आहे, आणि तान्ह्याच्या अंगातले पाणी चार-सहा जुलाबांतच आटू लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीची रेचके विनाचिठ्ठी विकण्यास मनाई केली. शिवाय वर्षाच्या आतील बाळाला मधही नको. बॉट्युलिझमचा धोका असतो. (हे सांगितले की आजी माझ्याकडे परक्यासारखे पाहतात!)

तथापि, व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर रागावू नये. काय चाटवले, किती चाटवले, हे आपुलकीने विचारावे. रागावलो तर पुढच्या खेपेस त्या सांगणार नाहीत, आणि जुलाबांचे कारण आपण मलतपासणीत शोधत बसू.