रानात उतरणारे आभाळातले पाहुणे



भाताची कापणी-झोडणी उरकली, खाचरे मोकळी झाली, की आमच्या मावळात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. शनिवार-रविवार आला, की कामशेतच्या आजूबाजूच्या डोंगरांवर पाठीला भलेमोठे गाठोडे बांधलेली माणसे चढताना दिसतात. घटकाभराने तीच माणसे रंगीत कापडाच्या कमानीखाली बसून डोंगराच्या अंगाने तरंगू लागतात. गावातली पोरे त्यांना ‘छत्रीवाले’ म्हणतात. या खेळाचे नाव पॅराग्लायडिंग.  पुण्या-मुंबईचे नोकरदार, डॉक्टर, कारखान्यातले कारागीर असे हौशी लोक एकत्र येऊन मंडळ करतात आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत उडतात.

‘साहेब, पिकापाण्याच्या पानावर हे छत्रीवाले कशाला आणले?’ असे तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे. वर गेलेला माणूस खाली येतो, आणि तो येतो तुमच्या-आमच्या रानात. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावी घाटे भरत आलेल्या हरभऱ्यात असा एक जण उतरला. बघायला सारी वाडी लोटली. मालक संतापले, उडणाऱ्याच्या सोबत्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली गेली आणि प्रकरण पोलीस पाटलांपर्यंत पोचले. पुढे सरपंचांनी दोन्हीकडच्यांना चावडीवर बसवून ते मिटवले. पण असा प्रसंग उद्या तुमच्या शिवारात आला तर काय करावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

हिवाळाच का?

पावसाळ्यात उडणे नाहीच. ओले कापड, ढगाने झाकलेला डोंगर आणि बेभरवशाचा वारा, तिन्ही जिवावर बेतणारे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते आणि वारा मापात. त्यातही दिवसाचे दोन भाग पडतात, आणि ते तुम्हाला चांगले परिचयाचे आहेत.

निरभ्र रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन सखल भागात साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. म्हणून सकाळी चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेत पहाटे शेकोट्या करतात, त्यामागेही हेच कारण. ऊब आणि धूर बागेतच रेंगाळतो. अशा शांत हवेत मंडळाचे शिकाऊ लोक सपाट माळावर कापड उभे करायला आणि बुटक्या टेकाडावरून छोट्या उड्या घ्यायला शिकतात.

दहा-अकरानंतर ऊन जमीन तापवते. नांगरलेले काळे रान, मुरमाड माळ, कापलेले खाचर लवकर तापते. पाणी दिलेला ऊस थंड राहतो. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. घार पंख न हलवता गिरक्या घेत वर जाते ती याच हवेवर. छत्रीवालेही तेच करतात. म्हणून त्यांची नजर सारखी घारींवर असते. कुठले रान तापले आहे, ते घार त्यांना दाखवते.

येथे जनावरांच्या औषधाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पूर्वी ही वाट गिधाडेही दाखवीत. मेलेल्या जनावरांच्या मांसातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध पोटात जाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. १९९० नंतर त्यांची संख्या झपाट्याने घसरली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांचीही जनावरांसाठी विक्री बंद झाली. माणसांसाठीचे इंजेक्शन आणून गाई-म्हशींना टोचू नका. मेलॉक्झिकॅमचा पर्याय आहे. तो पशुवैद्यकांना विचारूनच वापरा.

पाहुणा तुमच्याच वावरात का उतरतो?

या कापडाला इंजिन नसते. शांत हवेत शंभर मीटर उंचीवरून ते साधारण आठशे मीटर पुढे जाते, मग जमीन येते. वर उचलणारी हवा संपली, की ‘पुन्हा एक चक्कर मारून पलीकडच्या माळावर उतरतो’ असे म्हणता येत नाही. समोर विजेच्या तारा, झाडे, बिनकठड्याची विहीर आणि एक मोकळे दिसणारे वावर असेल, तर तो वावरच निवडणार. वरून बांधही नीट दिसत नाहीत. तेव्हा पिकात उतरणारा प्रत्येक जण मुद्दाम नासाडी करायला आलेला असतो असे समजू नये. मात्र मुद्दाम नसले, तरी झालेले नुकसान भरून देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

आता नुकसानीचा हिशेब मांडू. पसरलेले कापड साधारण दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, म्हणजे तीस चौरस मीटर. आपला गुंठा सुमारे एकशे एक चौरस मीटरचा. म्हणजे कापडाखाली गुंठ्याचा एक तृतीयांश भाग येतो. एकरी आठ क्विंटल हरभरा धरला, तर गुंठ्याला वीस किलो पडतात. कापडाखालचा सगळा माल गेला असे मानले तरी नुकसान सहा-सात किलोंचे. पण मागून पन्नास बघे चहूबाजूंनी घुसले आणि त्यांनी पाच गुंठे तुडवले, तर शंभर किलो गेले! पाहुण्याचे नुकसान पायलीत मोजावे, बघ्यांचे पोत्यात. म्हणून माझे सांगणे असे, की पहिल्यांदा आपलीच माणसे बांधावर थोपवा.

उतरल्यावर काय करावे?

धडधाकट असलेला माणूस उतरल्याबरोबर उभा राहतो आणि कापड गोळा करू लागतो. ती ‘मी ठीक आहे’ याची खूण समजली जाते. कापड पसरलेलेच राहिले आणि माणूस हलत नसेल, तर दोघांनीच जवळ जावे.

त्याला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये, पाठ-मान वाकवू नये. या खेळात पाठीच्या कण्याला इजा होण्याचा धोका मोठा असतो, आणि घाईने उचलल्यामुळे माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, गावाचे नाव आणि गाडी कोणत्या रस्त्याने येईल ते सांगावे, आणि ती येईपर्यंत त्याच्याशी धीराचे बोलत राहावे.

कापड विजेच्या तारेला अडकले असेल, तर कापड, दोऱ्या, माणूस कशालाही हात लावू नये. निदान तीस-पस्तीस फूट दूर राहावे. काठीने ओढायला जाऊ नये. १९१२ वर किंवा आपल्या वायरमनला कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी पुढे होऊ नये. ‘एवढ्याशा काठीने काय होतंय’ म्हणणारा दुसरा बळी ठरतो.

वारा जोराचा असेल तर फुगलेल्या कापडाच्या दोऱ्या हाताला गुंडाळून धरू नयेत. बैल आणि लहान मुले लांब ठेवावीत.

खेड्याचा या खेळातला वाटा

हौशी लोकांची आणि गावकऱ्यांची ही गाठ आजची नाही. अमेरिकेत राइट बंधू सायकली बनवण्या-दुरुस्तीचा धंदा करीत. उडण्याचे प्रयोग करायला त्यांना वाऱ्याची, वाळूची जागा हवी होती. किटी हॉक या समुद्रकाठच्या खेड्यातल्या बिल टेट नावाच्या गृहस्थांनी १९०० सालच्या ऑगस्टमध्ये पत्र लिहून ‘या, इथे तुमचे स्वागत होईल’ असे कळवले आणि थोरला विल्बर आला तेव्हा त्याला घरी ठेवून घेतले. टेटबाईंच्या शिवणयंत्रावर विल्बरने पंखांचे कापड शिवले. त्या वर्षीचे प्रयोग संपल्यावर तेच कापड टेटबाईंनी आणले आणि आपल्या मुलींना झगे शिवले. खेड्यातल्या घरात काही वाया जात नाही, ते असे.

पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी, ऐन थंडीत, इंजिनाचे विमान पहिल्यांदा उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे. त्या दिवसाचे चौथे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. बघायला आणि मदतीला आसपासची पाच माणसे होती. त्यात समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या ठाण्यावरचे तिघे, एक लाकडाचा व्यापारी आणि एक पोरगा. जगप्रसिद्ध झालेला तो फोटो त्यांच्यातल्याच जॉन डॅनियल्स यांनी काढला. चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने उभे विमान उलटू लागले, तेव्हा डॅनियल्स ते धरून राहिले आणि विमानाबरोबर कोलांट्या खाऊन खरचटून निघाले. वाऱ्यात फुगलेले कापड धरू नका, असे वर सांगितले ते याचसाठी.

गावाने काय ठरवावे?

ज्या गावाची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिथे मंडळाने आणि ग्रामस्थांनी चार गोष्टी ठरवल्या. त्या इतरांनाही उपयोगी पडतील.

एक, भात निघालेली सलग पाच-सहा खाचरे हंगामासाठी उतरण्याची जागा म्हणून ठरली. मालकांना त्याचे भाडे मिळते. तिथे कापडाची पताका बांधलेली आहे, वरून वाऱ्याची दिशा कळावी म्हणून.

दोन, गावाने मंडळाला तारा, मोटारीच्या लोंबत्या वायरी आणि उघड्या विहिरी यांचा नकाशा करून दिला. विहिरीला कठडा बांधणे तर आपल्या लेकरा-गुरांसाठीही गरजेचेच आहे.

तीन, पीक तुडवले गेले तर त्याच दिवशी पंचांसमक्ष मोजणी करायची आणि बाजारभावाने भरपाई द्यायची. किल्ली काढून घ्यायची नाही आणि वाढवून मागायचे नाही.

चार, राब भाजायचा असेल त्या दिवशी मंडळाला आधी कळवायचे. आगीवरची हवा वेडीवाकडी वर उसळते.

या हिवाळ्यात याच मंडळाने गावच्या शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. जखम बांधणे, जखमी माणसाला न वाकवता फळीवर घेणे, हे पोरांनी शिकून घेतले. त्याचा उपयोग छत्रीवाल्यांपेक्षा मळणीयंत्रात हात सापडलेल्या किंवा झाडावरून पडलेल्या आपल्याच माणसांना जास्त होणार आहे. दोन तरुण गाठोडी वाहता वाहता वारा ओळखायला शिकले; आता त्यांना स्वतः उडायचे आहे. शिकावे, पण नोंदणी असलेल्या ठिकाणी. राज्याचे साहसी पर्यटनाचे धोरण २०२१ साली आले असून त्यात अशा संस्थांना नोंदणी घालून दिली आहे. ‘बसा, फिरवून आणतो’ म्हणणाऱ्या कोणाच्याही सोबत पोराबाळांना बसवू नका. आधी नोंदणी, विमा आणि डोक्याचे शिरस्त्राण पाहा. महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींनी एन.सी.सी.च्या हवाई शाखेची चौकशी करावी. तिथे छात्रांना छोट्या विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळू शकतो.

पाहुणा आगंतुक असला तरी तो आपल्या दारी आला आहे. त्याला पाणी द्यावे, आणि आपल्या पिकाचे दाम त्याच्याकडून चोख घ्यावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

जाता जाता या आठवड्याचे काम. हरभरा फुलावर-घाट्यावर आला आहे. मीटरभर ओळीत एक-दोन घाटे अळ्या दिसू लागल्या, तर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा आणि वावरात जागोजाग काठ्या रोवून पक्ष्यांना बसायला थांबे करा. अळ्या टिपणारे हे उडणारे पाहुणे तर फुकट राबतात.